मधल्या फटीची गोष्ट

माझ्या डाव्या कॉलरबोनवर एक प्लेट आणि सहा स्क्रू आहेत. चार वर्षांपूर्वी पुण्यात सिंहगड रोडवर संध्याकाळी साडेसातला ट्रॅफिक ठप्प होतं. डावीकडे बस, उजवीकडे कॅब, मधे माझी बाईक जेमतेम जाईल एवढी फट. मी घातली. तेवढ्यात कॅबमधल्या बाईंनी उतरण्यासाठी डावीकडचं दार उघडलं. दार माझ्या हँडलला लागलं आणि मी बसच्या मागच्या चाकाशेजारी पडलो. बस उभी होती म्हणून आज हे लिहितोय.

हॉस्पिटलात मित्र म्हणाले, चूक त्या बाईंची. भावजी म्हणाले, चूक तुझीच. बाबा मात्र एवढंच म्हणाले, "अरे, मीही आयुष्यभर तेच केलं. फक्त तेव्हा बाजूला दारं नव्हती."

घरी पडून होतो त्या सहा आठवड्यांत हे वाक्य डोक्यातून जाईना. फटीतून गाडी काढणं ही आपली वाईट सवय, असं मी धरून चाललो होतो. पण या सवयीला इतिहास आहे, आणि तो माझ्या घरातूनच जातो.

बाबा 1976मध्ये पिंपरीतल्या एका कारखान्यात लागले. घर नारायण पेठेत. जाऊन-येऊन जवळजवळ तीस किलोमीटर, रोज, सायकलवर. तेव्हाचं पुणं म्हणजे सायकलींचं शहर. शिफ्ट सुटली की सायकलींचा लोंढा निघायचा. दापोडीच्या हॅरिस पुलावर ट्रक अडकले की सायकलवाले थांबायचे नाहीत. दोन ट्रकच्या मधून, कठड्याच्या कडेने, कधी सायकल हातात धरून पुढे सरकायचे. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. पेठांतले रस्ते तर त्याहून अरुंद. टांगा, हातगाडी, सायकल, गाय, माणूस सगळे एकाच रस्त्यावर. लेन नावाची गोष्टच नव्हती, तर ती मोडणार कशी? जागा दिसेल तिथून पुढे जायचं, हाच नियम होता.

मग या सायकलींना इंजिन लागलं. 1972 हे त्यातलं महत्त्वाचं वर्ष. त्या वर्षी पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली. पन्नास सीसीची, पेडल असलेली, म्हणजे इंजिन बसवलेली सायकलच. त्याच वर्षी आकुर्डीच्या बजाजने चेतक आणली. इटलीच्या पियाज्योशी असलेला वेस्पाचा करार 1971मध्ये संपला होता, त्यामुळे स्कूटरला नवं नाव हवं होतं. ते मिळालं राणा प्रतापांच्या घोड्यावरून. परमिटराजमुळे उत्पादनावर मर्यादा होती. चेतक बुक केली की वर्षानुवर्षं थांबावं लागे. बाबांनी आधी जुनी लुना घेतली, चेतक दारात यायला पुढे सहा वर्षं गेली.

माणूस तोच, रस्ता तोच, पुढे जायची पद्धतही तीच. बदलला तो वेग आणि वजन. सायकल दोन ट्रकच्या मधे अडकली तर माणूस पाय टेकायचा. शंभर किलोंची स्कूटर तशी सावरता येत नाही. आणि नव्वदच्या दशकानंतर बाजूच्या टांग्याची, सायकलची जागा कारने घेतली. फटीच्या दोन्ही बाजूंना पत्रा आला, आरसे आले आणि अचानक उघडणारी दारं आली. बाबा म्हणत होते ते हेच.

आपल्याकडच्या रस्त्यांचं गणित मांडणाऱ्यांना ही फट चांगलीच माहीत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990च्या मार्गदर्शिकेत शहरी रस्त्यासाठी प्रत्येक वाहनाला एक आकडा दिला आहे. कार म्हणजे 1. दुचाकी म्हणजे 0.5, आणि दुचाक्यांचं प्रमाण जास्त असेल तर 0.75. रस्ता किती रुंद हवा याचा हिशोब या आकड्यांवर होतो. म्हणजे आपण कारइतकी जागा अडवणार नाही, हे कागदावर आधीच धरलेलं आहे. प्रत्येक दुचाकीस्वार कारच्या मागे पूर्ण लेन अडवून शहाण्यासारखा उभा राहिला, तर हा हिशोब कोलमडेल आणि सिग्नलची रांग कुठल्या कुठे जाईल. मधून निघून गेलेला बाईकवाला कारवाल्याला बेशिस्त वाटतो. पण तो पुढे सरकतो म्हणूनच मागच्या कारची रांग आखूड राहते.

आपला कायदा मूळ नियम सांगतो: डावीकडून चला, ओव्हरटेक उजवीकडून करा. पण सगळेच थांबलेले असताना दोन रांगांमधून सरकणं म्हणजे ओव्हरटेक आहे का? या प्रश्नाचं स्वच्छ उत्तर मला तरी कुठल्या चौकात मिळालं नाही. पोलीस रोज बघतात, आपण रोज करतो, आणि अपघात झाला की मगच चूक कुणाची ते शोधलं जातं.

याच प्रश्नावर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने काय केलं ते वाचण्यासारखं आहे. तिथे बाईकवाले कित्येक वर्षं कारच्या रांगांमधून जात होते. कायद्यात मनाई नव्हती आणि परवानगीही नव्हती. 2013मध्ये तिथल्या हायवे पोलिसांनी सुरक्षित कसं जावं याच्या सूचना प्रसिद्ध केल्या. हरकत आली की हे तर पोलिसांनी परस्पर केलेले नियम झाले, आणि 2014मध्ये सूचना मागे घ्याव्या लागल्या. 2015मध्ये बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे सहा हजार मोटरसायकल अपघातांची माहिती तपासली. मधून जाताना अपघात झालेल्यांपैकी 9 टक्क्यांना डोक्याला इजा झाली होती, बाकीच्यांमध्ये हे प्रमाण 17 टक्के होतं. मागून धडक बसण्याचं प्रमाणही मधून जाणाऱ्यांत कमी होतं. पण इथे सावध राहायला हवं. हे लोक मुळात हळू चाललेल्या ट्रॅफिकमध्ये होते आणि त्यांची हेल्मेटही जास्त चांगली होती. शिवाय बाजूच्या गाड्यांपेक्षा बाईकचा वेग ताशी 24 किलोमीटरहून अधिक वाढला की इजाही वाढत होत्या.

2016मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 1 जानेवारी 2017पासून कॅलिफोर्निया अशा चालवण्याची व्याख्या कायद्यात करणारं पहिलं अमेरिकी राज्य ठरलं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सने त्याआधीच, 1 जुलै 2014पासून, परवानगी दिली होती. तिथे अट स्पष्ट आहे: वेग 30च्या आत, आणि शिकाऊ परवानेवाल्यांना बंदी. तैवानने वेगळी वाट धरली. सिग्नलला कारच्या पुढे दुचाक्यांसाठी चौकोन आखून दिला. मलेशियाने तर 1970च्या दशकातच फेडरल हायवेला दुचाक्यांची स्वतंत्र लेन बांधली.

आपण यातलं काही मनापासून केलं नाही. 2006मध्ये पुण्यात देशातली पहिली बीआरटी प्रायोगिक म्हणून सुरू झाली. बस वेळेवर, भरपूर मिळाली असती, तर आपल्यातल्या कितीजणांनी बाईक घेतली असती? त्याच वर्षी विद्यापीठ चौकातला पूल सुरू झाला, आणि 2020मध्ये मेट्रोसाठी पाडलासुद्धा. या सगळ्या वर्षांत दुचाक्या वाढत गेल्या आणि फटी अरुंद होत गेल्या. आता त्याच फटीत पाठीवर चौकोनी बॅग लावलेली, मोबाईलवर मिनिटं मोजणारी पोरं आहेत. त्यांना थांबणं परवडतच नाही.

2022मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. यातली फटीत किती गेली हे या आकड्यावरून कळत नाही. पण या शहरात ज्याच्याकडे पत्रा नाही तोच मरतो, एवढं कळतं.

मी पुन्हा बाईक चालवतो. फटीतून जाणं सोडलेलं नाही, सोडलं असं लिहिलं तर खोटं होईल. दोन गोष्टी बदलल्या. बाजूच्या गाड्या चालायला लागल्या की मी मधे राहत नाही, रांगेत येतो. आणि कॅबच्या शेजारून जाताना मागच्या सीटकडे बघतो. कुणी पिशवी उचलतंय का, दाराकडे हात जातोय का. दिसलं की ब्रेक.

परवा बाबांना मागे बसवून डेक्कनला गेलो. गरवारे पुलाजवळ सगळं थांबलेलं. पुढे दोन कारच्या मधे चांगली हातभर जास्तीची जागा होती. मी थांबलो, म्हटलं बाबा मागे आहेत. दोन मिनिटं गेली. मग मागून माझ्या त्याच खांद्यावर हलकी थाप पडली.

"मोकळं आहे," बाबा म्हणाले. "हळू घे."