आयरिश मेळावे आणि वऱ्हाडातील उत्सव

जलंब ते खामगाव ही आठ मैलांची आगगाडीची शाखा इ. स. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते. १९०५ च्या फेररचनेत ते जळगाव तालुक्यासह बुलढाणा जिल्ह्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला जी मागणी आली, तिने खामगावच्या बाजाराला हिंदुस्थानातील मोठ्या कापूसपेठांच्या पंक्तीत नेऊन बसविले होते आणि त्या पेठेसाठीच ही शाखा टाकण्यात आली होती. तिचे उद्घाटन करणारा मेयो डब्लिनमध्ये जन्मलेला, आयर्लंडातील सरदार घराण्यातला पुरुष होता. हिंदुस्थानात येण्यापूर्वी तो तीन वेळा आयर्लंडचा मुख्य सचिव होता आणि १८६७ चा फेनियन उठाव त्याच्याच कारकिर्दीत मोडण्यात आला. खामगावकरांच्या दृष्टीला पडलेला पहिला नामांकित आयरिश मनुष्य, म्हणजे आयरिश राष्ट्रवाद्यांचा प्रतिपक्षी होता.

पुढील चाळीस वर्षांत महाराष्ट्राने आयर्लंडकडे पाहिले ते मात्र दुसऱ्या बाजूने. १९०५ नंतर मराठी वृत्तपत्रांतून जो ‘बहिष्कार’ गाजला, त्याचा इंग्रजी प्रतिशब्द ‘बॉयकॉट’ हा १८८० साली आयर्लंडातील कुळांच्या लढ्यात जन्मला. आणि तोही मेयो याच नावाच्या परगण्यात. १९१६ च्या एप्रिलमध्ये टिळकांनी स्थापन केलेल्या संघाने ‘होमरूल’ हे नाव तिकडूनच उचलले. त्या संघाचे पहिले अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा होते आणि त्याच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाडाचा समावेश होता. शब्द आले, राजकीय युक्त्या आल्या. परंतु आयरिश राष्ट्रीयत्वाचे जे खरे माहेरघर, म्हणजे सभासदांची नोंद ठेवणारे, दिवाणखाना भाड्याने घेऊन गाणी, नाच, भाषावर्ग व खेळ चालविणारे मंडळ, ते काही वऱ्हाडात रुजले नाही. असे का व्हावे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

आयरिश मंडळांचा इतिहास थोडा तपशिलाने पाहिला पाहिजे. १८८४ च्या नोव्हेंबरमध्ये थर्ल्स येथे मायकेल क्युसॅक व त्याचे सहकारी यांनी देशी खेळांसाठी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. १८९३ च्या जुलैमध्ये डब्लिन येथे डग्लस हाइड, ओअन मॅकनील प्रभृतींनी भाषेसाठी गेलिक लीग काढली. दोन्ही संस्थांच्या शाखा आयरिश लोक जिथे जिथे पोटासाठी गेले तिथे तिथे निघाल्या. लंडनच्या शाखेचा चिटणीस फियनान मॅक कोलम हा पेशाने इंडिया ऑफिसमधील कारकून होता. दिवसा हिंदुस्थानच्या कारभाराचे कागद आणि संध्याकाळी आयरिश भाषेचे वर्ग, असा त्याचा दिनक्रम असे. त्याच्या पुढाकाराने ३० ऑक्टोबर १८९७ रोजी ब्लूम्सबरी हॉलमध्ये एक संगीत-नृत्याचा मेळावा भरला आणि त्याला ‘केली’ हे नाव देण्यात आले. (संस्कृतातील ‘केलि’ शब्दाशी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. मूळ आयरिश शब्द सोबत्यासाठी असून शेजाऱ्याकडे गप्पागोष्टींसाठी जाणे असा त्याचा अर्थ.) आज जगभर ‘प्राचीन आयरिश प्रथा’ म्हणून जो समारंभ ओळखला जातो, त्याचे सार्वजनिक रूप अशा रीतीने लंडनमधल्या भाड्याच्या दिवाणखान्यात घडले, नमुना होता त्याच शहरातील स्कॉटिश लोकांच्या संमेलनांचा. त्या पहिल्या रात्री तर आयरिश चालींवर वॉल्ट्झसुद्धा नाचण्यात आले! ‘शुद्ध’ नाच कोणते व परके कोणते, हा वाद लीगमध्ये नंतर माजला आणि खेड्यापाड्यांतून लोक आनंदाने नाचत असलेले कित्येक नाच फ्रेंच मुळाचे म्हणून बाजूस सारण्यात आले. क्रीडासंस्थेने तर याहून कडक कुंपण घातले. क्रिकेट, रग्बी आदी ‘परदेशी’ खेळ खेळणाऱ्यास सभासदत्व नाकारणारा तिचा नियम १९७१ पर्यंत टिकला.

हे कुंपण का लागले ते समजणे कठीण नाही. लंडनमधील आयरिश कारकुनाची अथवा मजुराची भाषा, चेहरा, पोशाख यांत इंग्रजापासून वेगळे असे फारसे उरलेच नव्हते. वेगळेपण दाखवायचे तर ते ठरलेल्या रात्री, ठरलेल्या जागी, जाणीवपूर्वक उभे करावे लागे.

वऱ्हाडातील परिस्थिती याच्या उलट होती. त्याच १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला राष्ट्रीय सभेचे अधिवेशन झाले. शंकरन नायर अध्यक्ष होते, तर स्वागताध्यक्षपद दादासाहेब खापर्डे यांच्याकडे होते. गणेशोत्सवाला पुण्यात १८९३–९४ पासून सार्वजनिक रूप आले होते आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव झाला होता. हे उत्सव वऱ्हाडात पोचले तेव्हा त्यांना जागा शोधावी लागली नाही. आठवड्याचा बाजार, कापसाची पेठ, देवाची जत्रा, सप्ताह, अक्षय्य तृतीयेला भेंडवळ येथे पीकपाण्याचे भाकीत ऐकण्यास जमणारा शेतकरी समुदाय, ही सर्व माणसे आधीच एकत्र येत होती. नवा उत्सव त्या गर्दीवर उभा राहिला. दास गणूंच्या ‘गजानन विजय’ या पोथीत अकोल्याच्या शिवजयंतीचे जे वर्णन आहे, त्यात व्यासपीठावर टिळकांबरोबर शेगावचे गजानन महाराज आहेत. ही सभा १९०८ ची मानतात. त्याच वर्षीच्या जूनमध्ये टिळकांना अटक झाली. पोथी १९३९ ची, म्हणजे प्रसंगानंतर तीन दशकांनी रचलेली, शिवाय भक्तिग्रंथ. तेव्हा तिच्यातील संवाद इतिहास म्हणून घेता येणार नाहीत. तथापि राजकीय सभेला संताची उपस्थिती हे वऱ्हाडी मनाला विसंगत वाटले नाही, एवढी साक्ष ती निश्चित देते. ब्लूम्सबरी हॉलच्या दारावर तिकीट होते. इथे दारच नव्हते.

याचा अर्थ वऱ्हाडी वा मराठी उत्सव सर्वांचा होता असे नव्हे. १८९३ च्या दंगलींनंतर हिंदूंनी ताबुतांपासून दूर राहावे असा जो प्रचार झाला, त्याच्या छायेतच गणपतीचे मेळे वाढले. आणि त्या मेळ्यांच्या रचनेवर मोहरमच्या टोळ्यांचाच ठसा होता असे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. जेथून नमुना घ्यावा त्याच्याशीच फारकत घ्यावी, हा प्रकार लीगच्या नृत्यवादाहून फार निराळा नाही. फरक इतकाच की आयरिश कुंपण लेखी नियमांचे होते, इथले अलिखित राहिले. अलिखित कुंपण मोडण्यास अधिक अवघड असते, ही गोष्ट मात्र उत्सवांच्या गौरवपर इतिहासांतून सहसा नोंदली जात नाही.

आयरिश वृत्तीचा थेट स्पर्श या प्रांताला एकदा झाला होता. टायरोन परगण्यात जन्मलेल्या भगिनी निवेदिता १९०२ च्या शरदात नागपूर, वर्धा, अमरावती या बाजूस व्याख्यानांसाठी आल्या होत्या. नागपुरात दसऱ्याच्या दिवशी क्रिकेटची बक्षिसे वाटण्यासाठी त्यांना बोलावले असता, शस्त्रपूजेच्या दिवशी परक्या खेळाचा गौरव कशाला, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांची कानउघाडणी केल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. हा क्युसॅकचाच सूर होता. पण क्रिकेट राहिले व आखाडेही राहिले. एकाने दुसऱ्याला बाहेर घालविण्याची निकड इथे कुणाला भासली नाही.

आयरिश पद्धतीचे मंडळ मराठी माणसाने उभारले ते तो स्वतः परदेशस्थ झाल्यावर. आणि ज्याने ते उभारले त्याचे नाव येथे लक्षणीय आहे. टिळक मंडालेस असताना ‘केसरी’ची धुरा वाहणारे न. चिं. केळकर यांनी १९०९ मध्ये मराठीत आयर्लंडचा इतिहास लिहिला. हेच केळकर १९३२ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले आणि त्याच वर्षी त्यांनी तेथे महाराष्ट्र मंडळाची स्थापना केली. आयर्लंडच्या इतिहासकाराने लीगच्या लंडन-शाखेचा नमुना समोर ठेवला होता असे सिद्ध करणारा पुरावा मागण्याचे कारण नाही. तीच गरज त्याच शहरात तेच रूप घेते, एवढे पुरेसे आहे. पुण्यात किंवा खामगावात मराठी म्हणून एकत्र जमण्यासाठी वर्गणीदारांची यादी लागत नव्हती. लंडनमध्ये मात्र गणपती, संक्रांत, नाटक व भोजन यांसाठी तारीख ठरवावी लागली, सभागृह घ्यावे लागले आणि सभासद नोंदवावे लागले.

पुढे मंडळाची स्वतःची वास्तू झाली ती वायव्य लंडनमध्ये, डॉलिस हिल येथे. तिथून जवळच असलेल्या क्रिकलवुडमध्ये ‘गॅल्टीमोर’ हे आयरिश मजुरांचे प्रख्यात नृत्यगृह १९५२ पासून २००८ पर्यंत चालू होते.