बगदादवर बाँब पडत असताना : क्लाउस हूबर आणि अरबी मकाम

युरोपच्या अभिजात संगीताला 'पूर्व' नवी नाही. मोझार्टच्या पियानोवरील प्रसिद्ध तुर्की चालीत उस्मानी फौजेच्या वाद्यवृंदाचा ठेका ऐकू येतो. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच संगीतकारांनी वाळवंट, काफिले आणि नर्तकी सुरांतून रंगवल्या. पण ही पूर्व बहुधा सजावटीपुरती असे. अरबांच्या संगीताला स्वतःचे शास्त्र आहे, ग्रंथ आहेत, हे मानून त्याच्यापुढे विद्यार्थी म्हणून बसणारे थोडेच झाले. स्विस संगीतकार क्लाउस हूबर त्यांपैकी एक. विशेष म्हणजे ते या वाटेला लागले तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती.

हूबर यांचा जन्म 30 नोव्हेंबर 1924 रोजी बर्न शहरात झाला. शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी काही काळ शाळेत शिकवले. 1947 पासून ते झुरिकमध्ये स्टेफी गायर यांच्याकडे व्हायोलिन आणि विली बुर्कहार्ड यांच्याकडे संगीतरचना शिकू लागले. पुढे 1955 मध्ये बर्लिनला बोरिस ब्लाखर यांच्याकडे गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा तो काळ होता. तरुण संगीतकारांना जुन्या रम्य संगीताचा वीट आला होता. बारा स्वरांची ठरावीक क्रमवारी लावायची आणि संपूर्ण रचना त्या गणितावर उभी करायची, ही पद्धत तेव्हा जोरात होती. हूबर यांनी ती आत्मसात केली, पण शब्द निवडले ते जुन्या ख्रिस्ती भक्तीपर साहित्यातले. 1959 मध्ये रोमला त्यांची देवदूत आत्म्याशी बोलतो अशा आशयाची छोटी रचना सादर झाली आणि त्यांचे नाव झाले. आवाज हळुवार, वाद्ये मोजकी, आणि गणित असूनही ते कानाला टोचत नाही, हे त्या रचनेचे वैशिष्ट्य.

पुढच्या दोन दशकांत हा अंतर्मुख सूर बदलत गेला. 'टेनेब्रे' या वाद्यवृंदाच्या रचनेत अंधार दाटून येतो. 1971 मध्ये चित्रकार ड्यूरर यांच्या स्मृतिवर्षानिमित्त लिहिलेल्या रचनेत त्यांनी बायबलमधील जगबुडीची वर्णने घेतली. त्यानंतर ते लॅटिन अमेरिकेतील मुक्तीच्या धर्मविचाराकडे वळले. निकाराग्वाचे धर्मगुरू-कवी एर्नेस्तो कार्देनाल यांचे शब्द आणि शोषितांचे आवाज घेऊन त्यांनी एक प्रचंड रचना केली. 1983 मध्ये जर्मनीतील डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात ती पूर्ण रूपात वाजली. अध्यात्म आणि अन्यायाविरुद्धचा राग ही दोन टोके आहेत असे त्यांना वाटत नव्हते.

एव्हाना त्यांना आणखी एक अडचण जाणवू लागली होती. युरोपने सप्तकाचे बारा समान भाग केले आणि तोच जगाचा नियम समजला. हूबर यांनी सोळाव्या शतकातील इटालियन सिद्धांतकार व्हिचेंतिनो यांचे सूक्ष्म स्वरांचे प्रयोग अभ्यासले. पूर्ण स्वराचे तीन भाग करून ते लिहू लागले. 1990 मध्ये मित्र लुईजी नोनो यांच्या स्मरणार्थ त्यांनी व्हिओला दामोर या जुन्या वाद्यासाठी रचना केली. आपल्या सारंगीसारख्या तरफेच्या तारा या वाद्यालाही असतात.

आणि मग जानेवारी 1991 उजाडला. बगदादवर बाँब पडू लागले. टीव्हीच्या पडद्यावर अरब जग म्हणजे हिरव्या प्रकाशात दिसणारी लक्ष्ये, एवढेच उरले. हूबर या युद्धाने अस्वस्थ झाले. त्यांनी निषेध तर केलाच, पण त्याहून कठीण काम हाती घेतले. ते अरबी संगीतशास्त्राचा अभ्यास करू लागले.

या शास्त्राची परंपरा मोठी आहे. दहाव्या शतकात अल-फाराबींनी संगीतावर महाग्रंथ लिहिला. तेराव्या शतकात सफीउद्दीन अल-उर्मवी यांनी सप्तकाचे सतरा भाग मांडले. ते बगदादच्या शेवटच्या अब्बासी खलिफाच्या दरबारात होते आणि 1258 मधील हुलागूच्या विध्वंसातून वाचले. ज्या शहरात हे शास्त्र बहरले, तेच शहर पुन्हा जळत होते.

मकाम म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे. रागासारखीच त्यालाही चाल असते, मुक्काम असतात. 'रास्त' मकामातील गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी बसतो. हार्मोनियमवर तो सापडणार नाही, कारण त्या दोन पट्ट्यांमध्ये त्याला जागाच नाही. हूबर यांना नेमकी हीच जागा हवी होती.

1992 नंतर त्यांनी चार अरब आणि दोन युरोपी वादक व ध्वनिफीत यांच्यासाठी रचना केली. तिचे शब्द इराणी लेखक महमूद दौलताबादी यांचे. 2002 मध्ये रामल्ला वेढ्यात असताना महमूद दरवेश यांनी लिहिलेल्या कवितेवर त्यांनी आणखी एक रचना केली. चेलो, बॅरिटन हे जुने तंतुवाद्य, उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक आणि वाद्यवृंद अशी तिची मांडणी आहे. मोठा गोंगाट नाही. वेढ्यातला माणूस श्वास कसा घेतो, ते ऐकू येते.

यावर आक्षेप घेता येतात. हे संगीत युरोपातल्या मोजक्या सभागृहांपुरते राहिले. कैरो किंवा दमास्कसच्या सामान्य श्रोत्याला ते आपले वाटेलच असे नाही. त्याने युद्धही थांबले नाही. 2003 मध्ये बगदादवर पुन्हा हल्ला झाला. हे सगळे खरे आहे. पण उसनवारी आणि शिकणे यांत फरक आहे. उसनवारी करणारा दुसऱ्याची वस्तू आपल्या मापात कापून घेतो. हूबर यांनी दुसऱ्याच्या मापासाठी स्वतःचे सप्तक मोडले.

हूबर यांनी फ्रायबुर्गमध्ये अनेक वर्षे शिकवले. ब्रायन फर्नीहो, वोल्फगांग रीम, तोशियो होसोकावा, काया सारिआहो हे त्यांचे शिष्य. 2009 मध्ये त्यांना अर्न्स्ट फॉन झीमेन्स संगीत पुरस्कार मिळाला. 2 ऑक्टोबर 2017 रोजी इटलीतील पेरुजा येथे त्यांचे निधन झाले.

आपण फाराबी आणि उर्मवी ही नावे अभिमानाने घेतो. मुस्लिमांनी जगाला काय दिले, याच्या याद्या भाषणांतून वाचल्या जातात. पण त्यांनी नेमके काय लिहिले, हे विचारले की सभा शांत होते. बर्नच्या एका ख्रिस्ती संगीतकाराला पासष्टीनंतर त्या परंपरेचा नव्याने अभ्यास करावासा वाटला. अभिमान बाळगायला यादी पुरते. वारस व्हायचे तर ग्रंथ उघडावा लागतो.