रुमाल सोडणारा कोण?

आमच्या शहापूर-मुरबाडकडे कागदाची किंमत कोणाला शिकवावी लागत नाही. सातबारावर मालकाचे नाव असते आणि 'इतर हक्कां'त कूळ, बोजा. आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये म्हणून १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम ३६ घातले. तरी जमिनी गेल्याच, आणि १९७४ साली त्या परत मिळवून देण्यासाठी आणखी कायदे करावे लागले.

जुने दप्तर रुमालात बांधत. पण रुमाल सोडणारा कोण, ह्यावर सारे अवलंबून. पेशवे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले आणि १८५२ च्या इनाम कमिशनने त्यातलेच कागद लावून लोकांची इनामे तपासली. अभ्यासकांना मात्र ते दप्तर बराच काळ बंदच होते. रियासतकार सरदेसायांनी निवडलेले ४५ खंड निघाले ते १९३० नंतर.

संगणकातला रुमाल म्हणजे 'टार'. (डांबर नव्हे! 'टेप आर्काइव्ह'चे ते लघुरूप.) १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो आला. टार नुसता बांधतो, दाबत नाही. दाबण्याचे काम १९९२ पासून बहुधा जीझिप करतो. मला टारचे कौतुक वाटते ते वेगळ्याच कारणाने. प्रत्येक फाइलीबरोबर तिचा मालक आणि वाचण्या-लिहिण्याची परवानगी तो नोंदवून ठेवतो. सुरुवातीला मालकाचा फक्त क्रमांक असे. दुसऱ्या यंत्रावर तोच क्रमांक भलत्याच माणसाचा! म्हणून १९८८ च्या पॉझिक्स प्रमाणात क्रमांकाशेजारी नावही आले.

एवढे करूनही गोम राहतेच. गठ्ठा साध्या वापरकर्त्याने सोडला, तर सगळ्या फाइली त्याच्याच नावावर होतात. मूळ मालकी परत लावण्याचा अधिकार फक्त 'रूट'ला, म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याला. परवानग्या जशाच्या तशा हव्या असतील तर सोडताना 'पी' हा पर्याय सांगावा लागतो.

गावातल्या काही घरांचे जुने फेरफार स्कॅन करून माझ्या संगणकावर ठेवले आहेत. यंत्र घरात सगळेच वापरतात, पण ज्याचे कागद त्यानेच पाहावेत, नाही का? रात्री एक छोटी स्क्रिप्ट रूटच्या नावाने त्यांचा गठ्ठा बांधते. आता गंमत पाहा. आतला प्रत्येक कागद कुलूपबंद असला, तरी गठ्ठ्याची स्वतःची परवानगी वेगळी असते. नेहमीच्या 'युमास्क ०२२'ने तो कोणालाही वाचता येतो, म्हणजे आतले सगळेच उघडे. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'युमास्क ०७७' लिहिले आहे. सकाळी गठ्ठा न सोडता नुसती यादी काढतो आणि चहा घेता घेता मालकांची नावे एकेक करून ताडून पाहतो.