गोधडीचे पहिले पाणी

गोधडीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण बहुतेक वेळा ते मायेच्या अंगाने. आईच्या लुगड्याची ऊब, आजीच्या हातचा टाका, एवढ्यावर आपले लेखन थांबते. गोधडी ही आधी कापडाची वस्तू आहे, कापडाचा रंग पाण्यात सुटतो आणि शेजारच्या तुकड्याला लागतो, ही साधी बाब त्यात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे: गोधडीसाठी आणलेले नवे तुकडे शिवण्याआधी धुवावेत की नाहीत? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो आज विचारावा लागतो आणि पूर्वी विचारावा लागत नसे, यात गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

मालवण तालुक्यातल्या आमच्या घरी काही वर्षांपूर्वी एक गोधडी शिवली गेली. मधोमध आजीच्या पांढऱ्या, विरलेल्या लुगड्याचा तुकडा आणि भोवती शिंप्याकडून आणलेली नवी सुती कात्रणे. त्यांत गडद तांबडी बरीच. पहिल्याच धुण्यात तांबडा रंग त्या पांढऱ्या तुकड्यावर उतरला. गोधडी फाटली नाही, तिची ऊबही कमी झाली नाही. पण आजीचे म्हणून जे एकच कापड घरात उरले होते, त्यावर आता गुलाबी डाग आहेत. घरातल्या वृद्ध काकी एवढेच म्हणाल्या, "जुन्या लुगड्याचो रंग आता खंय जातलो? जावचो तो कधीच गेलो. ह्या नव्याक आधी पाणी दाखवूक होया होता."

काकींचे बोलणे इतिहासाला धरून आहे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द आहेत, आणि दोन्हींच्या अर्थात चिंध्यांची, जुन्या कापडाची कल्पना आहे. गाडगेबाबांना लोक 'गोधडे महाराज' म्हणत, तेही अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळेच. लुगडे आधी सणावारी नेसायचे, मग घरात, मग शेतात. पुढे त्याचे दुपटे होई आणि सर्वांत शेवटी गोधडी. तोवर ते व्हाळाच्या दगडावर शेकडो वेळा आपटले गेलेले असे. आटायचे ते आटलेले, खळ गेलेली, सुटणारा रंग सुटून गेलेला. अशा कापडाला 'आधी धुवावे का' हा प्रश्न लागूच होत नव्हता.

जुने रंग सगळे पक्के होते, असा मात्र समज नको. कुसुंबी रंग सुंदर खरा, पण उन्हाने आणि धुण्याने लवकर जाणारा. याउलट आल आणि मंजिष्ठा यांचा तांबडा रंग चिवट. तो सुताला थेट धरत नाही. कापडाला आधी हिरड्याचे आणि तुरटीचे पाणी द्यावे लागते, मग तुरटीतल्या धातूच्या आधाराने रंग धाग्यात बसतो. विधवेच्या 'आलवणा'चा संबंध याच आलीशी जोडला जातो. पक्क्या रंगाला अशी सामाजिक बाजूही होती, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

१८५६ साली दोन गोष्टी घडल्या. लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला, आणि मुंबईत कावसजी दावर यांच्या सूतगिरणीचे काम सुरू झाले. १८६८ मध्ये मंजिष्ठावर्गीय मुळांतले रंगद्रव्य जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झाले. १८८४ चा 'काँगो रेड' हा तर तुरटीशिवाय थेट सुतावर चढणारा रंग. स्वस्त, सोपा, आणि धुण्याला कच्चा. गिरणीचे रंगीत कापड चाकरमान्यांच्या ट्रंकांतून कोकणात आले. १९५६ पासून बाजारात आलेले 'रिअ‍ॅक्टिव्ह' रंग धाग्याशी रासायनिक बंध करतात, म्हणून ते पक्के. परंतु त्यांतला काही भाग रंगवतानाच पाण्याशी संयोग पावतो आणि धाग्याला न जुळता तसाच राहतो. कारखान्यात तो नीट धुऊन काढला नाही, तर तो आपल्या बादलीत उतरतो. म्हणजे पक्क्या रंगाचे कापडही पहिल्या पाण्यात रंग सोडू शकते.

नवे कापड मिठाच्या किंवा तुरटीच्या पाण्यात भिजवावे, असा सल्ला घरोघरी दिला जातो. मीठ रंगाला सुताकडे ढकलते हे खरे, पण ते काम रंगवण्याच्या हौदातले. तयार कापडातला सुटा रंग मिठाने कायमचा बसत नाही. साध्या पाण्यात तो पुन्हा सुटतो. तुरटी आलीच्या काळी योग्य होती, आजच्या रंगांना तिचा उपयोग नाही. सुटा रंग बसवायचा नसतो, काढून टाकायचा असतो.

आता आक्षेप. लहान तुकडे धुतले तर कडांचे धागे सुटतात आणि माप बिघडते. नेमक्या मापाचे कापलेले चौकोन विकत घेतले असतील, तर हा आक्षेप रास्तच आहे. म्हणून सगळे सरसकट धुण्यापेक्षा आधी परीक्षा घ्यावी. गडद तांबडा, निळा, काळा तुकडा साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावा, मग ओल्या पांढऱ्या सुती कापडावर दाबावा. डाग पडला तर त्या रंगाचे तुकडे, न पिळता, पाणी नितळ येईपर्यंत हाताने धुवावेत. तरीही रंग थांबत नसेल तर तो तुकडा जुन्या कापडाशेजारी लावू नये. शिंप्याच्या कात्रणांना मुळातच माप नसते. ती धुवायला काहीच हरकत नाही.

घरोघरी आता सुती लुगडी उरलेली नाहीत. कृत्रिम धाग्याची साडी रंग सहसा सोडत नाही, पण वापरून सुतासारखी मऊही होत नाही. त्यामुळे गोधडीत नवे कापड येणारच, आणि जुन्याचा तुकडा त्यात एखादाच असणार. नवे पुन्हा विकत मिळते. आमच्याकडे आजीच्या त्याच लुगड्याची हातभर पट्टी अजून शिल्लक आहे. तिच्यासाठी आणलेल्या कात्रणांतली दोन तांबडी तिसऱ्या पाण्यालाही रंग सोडत राहिली. ती आम्ही पायपुसण्यासाठी बाजूला काढली.