पाणी उडून जाते, सोडियम मागे राहते : डिझेल इंजिनांतील अदृश्य गळतीच्या शोधाचा इतिहास

इंजिनाबाहेर पाण्याचा थेंबही नाही, धुराचा रंग नेहमीचाच, वंगण तेलाचा दाबही ठीक. तरीही शेडच्या प्रयोगशाळेतून चिठ्ठी येते : हे इंजिन पुढच्या गाडीला लावू नये. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये असे निर्णय अनेक दशके घेतले गेले. त्यांना आधार देणारी विद्या यंत्रशाळेत जन्मलेली नव्हती. ती वर्णपटशास्त्रातून आली होती.

अमेरिकेतील अल्को कंपनीची डब्ल्यूडीएम-२ ही इंजिने भारतात १९६२ पासून येऊ लागली आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून त्यांचे पहिले स्वदेशी इंजिन बाहेर पडले. पुढे १९६९ मध्ये मूळ कंपनीने इंजिने बांधणे थांबवले, पण वाराणसीत त्याच घराण्याची इंजिने हजारोंच्या संख्येने बनत राहिली. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, आणि एकाच धडात फिरणारे शेकडो लिटर पाणी व शेकडो लिटर तेल. दोहोंमध्ये अंतर असते ते धातूच्या भिंतीचे आणि रबरी कड्यांचे.

ही सीमा ओलांडून पाणी तेलात उतरले, तर बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांच्यामधला तेलाचा पातळ पडदा फाटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. बंद इंजिनात पाणी सिलिंडरमध्ये साचले, तर धोका आणखी उघड असतो. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे इंजिन सुरू करताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणूनच दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या सिलिंडरांची छिद्रे उघडून, ते आधी हाताने फिरवून पाहण्याची शिस्त पडली.

जुन्या परीक्षा साध्या होत्या. तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकायचा. तडतडला तर त्यात पाणी आहे. टीपकागदावर थेंब पसरू द्यायचा आणि डागाचा आकार वाचायचा. या परीक्षा खोट्या नव्हत्या, पण उशिरा बोलणाऱ्या होत्या. चालत्या इंजिनातले तेल इतके गरम असते की बारीक गळतीचे पाणी वाफ होऊन क्रँककेसमधून निघून जाते. गळती चालू राहते आणि पुरावा मात्र रोज नाहीसा होतो.

सगळाच पुरावा मात्र नाहीसा होत नाही. इंजिनातले पाणी कधीच नुसते पाणी नसते. आतील धातू गंजू नये म्हणून त्यात क्षार मिसळतात. अल्को इंजिनांत पूर्वी सोडियमचे क्रोमेट वापरत, त्यामुळे पाणी पिवळे दिसे. वाफ उडते, क्षार तेलात राहतो आणि दिवसेंदिवस साठत जातो. इंजिनाच्या रक्षणासाठी घातलेले द्रव्यच अशा रीतीने गळतीचे साक्षीदार ठरते.

ही साक्ष वाचण्याची रीत बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६० च्या सुमारास हायडेलबर्ग येथे घालून दिली. प्रत्येक मूलद्रव्य ज्वाळेत स्वतःच्या ठरलेल्या रेषा उमटवते आणि त्यांत सोडियमची पिवळी रेषा इतकी संवेदनशील की कणभर क्षारही लपत नाही. (या रेषेने घोटाळेही केले. १८ ऑगस्ट १८६८ च्या भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात नोंदलेली पिवळी रेषा प्रथम सोडियमचीच वाटली होती. ती हेलियमची निघाली.) रेल्वेत या पद्धतीने वंगण तेल तपासण्याचा पाया १९४६ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांडे रेलरोडच्या प्रयोगशाळेने घातला. पुढे अमेरिकी नौदलाने ती स्वीकारली आणि भारतातील शेडमध्येही ती रुजली. विजेच्या ठिणगीत तेल जाळायचे आणि प्रकाशातून प्रत्येक धातूचे प्रमाण दशलक्ष भागांत मोजायचे.

खरा कस आकडा मिळाल्यानंतर लागे. क्रोमियम वाढले तर काय समजायचे? ते क्रोमेटच्या पाण्यातून येऊ शकते, तसेच सिलिंडरच्या क्रोमियमचा मुलामा दिलेल्या लायनरच्या झिजेतूनही. एक दोष कड्या बदलून मिटतो, दुसरा पिस्टन बाहेर काढायला लावतो. उत्तर जोडीदारात असे : क्रोमियमसोबत सोडियम चढले तर संशय पाण्यावर, लोह चढले तर झिजेवर. शिवाय ताजे तेल भरले की सारेच आकडे खाली येतात आणि आजारी इंजिन कागदावर निरोगी दिसू लागते. म्हणून एका नमुन्यापेक्षा त्याच इंजिनाच्या मागील नमुन्यांची चढती-उतरती रेघ अधिक मोलाची मानली गेली.

वर्णपट गळती आहे एवढे सांगतो. कोठे आहे ते नाही. त्यासाठी पाण्याच्या भागावर दाब देऊन, क्रँककेसची झाकणे उघडून, विजेरीच्या उजेडात खालून पाहावे लागे. लायनरच्या तळाशी थेंब दिसला तर रबरी कडी गेली. सिलिंडरात पाणी आले तर हेडला तडा. टर्बोचार्जरचे आवरणही पाण्यानेच थंड होते, तेव्हा तेही संशयितांत असे. तेलाच्या शीतकाची गोष्ट थोडी विचित्र आहे. चालत्या इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून नळी फुटली की आधी तेलच पाण्यात जाते. तेथे तेलाचा नमुना स्वच्छ येऊ शकतो आणि खूण पाण्याच्या टाकीवरील तवंगात सापडते.

क्रोमेट विषारी असल्याने पुढे त्याची जागा नायट्राइट-बोरेट मिश्रणाने घेतली. पिवळा रंग गेला आणि क्रोमियमचा संभ्रमही सुटला. आता तेलातले क्रोमियम म्हणजे मुख्यतः झीज, आणि पाण्याची खूण म्हणून सोडियमच्या जोडीला बोरॉन. १९९५ च्या करारानंतर जनरल मोटर्सच्या रचनेची दोन-फेरी इंजिने आली. त्यांच्या लायनरला हवेसाठी खिडक्या असतात. बाजूचे झाकण काढून त्या खिडक्यांतून लायनरची भिंत थेट पाहता येते आणि ओघळ असेल तर तो डोळ्यांनाच दिसतो. तरीही तेलाचे नमुने प्रयोगशाळेत जातच राहिले, कारण ओघळ दिसण्याच्या कितीतरी आधी सोडियम बोलू लागते.