शटर उघडे, तरी काच कोरी

आतषबाजीचे छायाचित्र काढायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो शटरचा: किती सेकंद उघडे ठेवायचे? या कलेचा इतिहास नीट पाहिला तर हा प्रश्न दुय्यम ठरतो. छायाचित्रणाची डागेरची पद्धत १८३९ मध्ये जगासमोर आली. लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या बागेत ब्रॉक घराण्याच्या आतषबाजीचे खेळ १८६५ पासून सुरू झाले आणि त्यांना अफाट गर्दी होऊ लागली. म्हणजे कॅमेरा होता, कसबी छायाचित्रकार होते, चित्रे हौसेने विकत घेणारे लोकही होते. तरीही त्या काळाची रात्रीची आतषबाजी आपल्याला दिसते ती कोरीव ठशांतून आणि रंगचित्रांतून. याचे नेहमीचे स्पष्टीकरण असे की तेव्हाच्या छायाचित्राच्या काचा मंद होत्या, एका चित्राला बराच वेळ लागे आणि बाण तर क्षणात विझतो. हे अर्धेच खरे आहे. शटर उघडे ठेवायला कोणाची आडकाठी नव्हती; त्या काळी भिंगावरची टोपी काढली की झाले. दहा मिनिटे टोपी काढून ठेवली असती आणि शंभर बाण समोरून गेले असते, तरी काच बहुधा कोरीच राहिली असती. खरी अडचण क्षणभंगुरतेची नव्हती. ती होती ठिणगीच्या हालचालीची.

स्थिर वस्तूच्या बाबतीत मंद काचेचे काम वेळ देऊन भागते. १८५० च्या जुलैत हार्वर्डच्या वेधशाळेत व्हिपल आणि बाँड यांनी अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा डागेरच्या पद्धतीच्या पत्र्यावर सुमारे १०० सेकंद प्रकाश पडू दिला होता. दुर्बीण ताऱ्याच्या गतीने फिरत होती, म्हणून सगळा प्रकाश एकाच ठिकाणी साठत गेला. बाण फुटल्यावर उधळणारी जळती गोळी मात्र पत्र्यावरच्या एका बिंदूवर क्षणाचाही लहानसा अंश असते आणि लगेच पुढच्या बिंदूवर सरकते. मागच्या बिंदूला जेवढा प्रकाश मिळाला तेवढाच. त्यानंतर शटर उघडे राहिले तरी त्यात भर पडत नाही. रांगोळीची रेघ दाट की विरळ हे चिमटीतून किती पूड सुटते आणि हात किती वेगाने फिरतो यावर ठरते, बाई अंगणात किती वेळ बसली यावर नव्हे. तसेच इथे बाण तोच असेल तर रेषेचा उजळपणा अ‍ॅपर्चर किती मोठे आणि काच किती संवेदनशील, एवढ्यावरच अवलंबून असतो. शटरचा वेळ फक्त एका चित्रात किती रेषा येतील हे ठरवतो.

हे गणित मागे नेऊन पाहता येते. आज सर्वमान्य असलेली मांडणी आयएसओ १०० आणि एफ/८ ते एफ/१६ अशी आहे. मधला एफ/११ धरू. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ मध्ये दिलेल्या ओल्या कलोडियन काचेची संवेदनशीलता आजच्या मापाने १ च्या आसपास होती. त्या काचेवर तशीच रेषा उमटवायला साधारण एफ/१.१ चे भिंग लागले असते. त्या काळचे वेगवान भिंग म्हणजे पेट्झवालचे १८४० चे, आणि तेही एफ/३.६ चे. म्हणजे मिळणारा प्रकाश हवा त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाचा. त्यात ती काच निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देई. पोटॅशियम क्लोरेटमुळे एकोणिसाव्या शतकात आतषबाजीला खरे रंग आले, स्ट्राँशियमचा लाल हा त्यातला मानाचा रंग, आणि नेमका तोच त्या काचेला जवळजवळ दिसत नसे. गणित ढोबळ आहे, पण तूट एवढी मोठी आहे की थोड्याफार चुकीने निष्कर्ष बदलत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सेंट लुईसच्या थॉमस ईस्टर्लीने १८४७ मध्येच विजेचे डागेरोटाइप घेतले होते. वीज तर बाणापेक्षाही क्षणिक. हे उदाहरण मला माझ्या बाजूचे वाटते. वीज प्रचंड तेजस्वी असते, आणि तिचा मार्ग चमकून विझेपर्यंत जवळजवळ जागचा हलत नाही, त्यामुळे तिचा सगळा प्रकाश त्याच रेषेवर पडतो. क्षणिक असूनही ती उमटली, यावरूनच क्षणिकता हा अडथळा नव्हता हे दिसते. क्रिस्टल पॅलेसमध्ये लाकडी चौकटींवर शेकडो छोट्या नळ्या बांधून पेटती चित्रेही उभी करत. ती जागेवरच जळत, म्हणून तत्त्वतः त्यांना वेळ देऊन टिपणे शक्य होते. आकाशात उडालेल्या दारूला ती सवलत नव्हती.

दुसरा आक्षेप असा की कदाचित कोणाला हा विषय टिपण्याजोगा वाटलाच नसेल. पुरावा उलट आहे. हिरोशिगेने १८५८ मध्ये एदोतल्या र्‍योगोकु पुलावरची आतषबाजी छापचित्रात आणली. व्हिसलरने १८७५ च्या सुमारास लंडनच्या क्रेमॉर्न बागेतला कोसळता बाण रंगवला. त्या चित्रावरच्या समीक्षक रस्किनच्या टीकेपायी १८७८ मध्ये खटला उभा राहिला आणि जिंकूनही व्हिसलरला एक फार्दिंग भरपाई मिळाली. आपल्याकडे भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय आतषबाजीचा इतिहास १९५३ मध्ये लिहिला. त्यात पेशव्यांच्या बखरीतले दारूकामाचे तपशील वाचले की कळते, ही शोभा जपून ठेवण्याची ओढ किती जुनी आहे. पेशवाईतल्या त्या रात्रींचे शब्द उरले. कॅमेरा तेव्हा जन्मला नव्हता; पण पुढे जन्मल्यावरही कित्येक वर्षे तो इथे शब्दांइतकाही उपयोगी नव्हता, याची मला खरोखर खंत वाटते.

कोंडी फुटली ती कोरड्या जिलेटिन काचेने. रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये तिची कल्पना मांडली, चार्ल्स बेनेटने १८७८ मध्ये जिलेटिनचे मिश्रण उबेत मुरवून तिची संवेदनशीलता खूप वाढवली. वर दाखवलेली तूट भरायला हीच वाढ हवी होती. याची साक्ष आकाशानेही दिली. अभिजित १८५० मध्ये टिपला गेला, पण धावत्या उल्केचे छायाचित्र मिळायला प्रागमध्ये २७ नोव्हेंबर १८८५ उजाडावा लागला. स्थिर तारा आणि धावती उल्का यांच्यामधली ही पस्तीस वर्षे म्हणजे माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा. लाल रंग दिसायला मात्र १९०६ च्या सुमारास बाजारात आलेल्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या, काचेची वाट पाहावी लागली. १९३५ ची कोडाक्रोम फिल्म रंगीत होती, पण तिची संवेदनशीलता साधारण १० च्या घरातली, तिच्यावर एफ/३.५ च्या आसपास उघडावे लागे. फिल्म वेगवान झाली तसे अ‍ॅपर्चर मिटत गेले. शटर उघडे ठेवण्याची रीत तशीच राहिली.

म्हणून आजही तिपाई पक्की करावी, फोकस हाताने दूरवर लावून ठेवावा, केबल रिलीज घ्यावी आणि पहिल्या दोन-तीन बाणांत फक्त अ‍ॅपर्चर पारखावे. ठिणग्यांचा गाभा पांढरा पडत असेल तर एफ/११ वरून एफ/१६ कडे जावे. सेकंद कमी करून तो रंग परत येत नाही. शटरचा वेळ अगदीच बिनमहत्त्वाचा, असे मात्र म्हणता येणार नाही. इमारतींचे दिवे, उजळलेले आकाश आणि साठत जाणारा धूर हे सगळे जागच्या जागी असतात, म्हणून सेकंदांबरोबर ते वाढतात. वारा पाठीवर घेऊन उभे राहावे आणि आरंभीचे बाण चुकवू नयेत, ते यासाठीच. मोबाइलवर हाच नियम उलट्या बाजूने आडवा येतो. बहुतेक फोनचे अ‍ॅपर्चर एफ/१.८ च्या आसपास कायमचे बसवलेले असते. ते मिटवता येत नाही. काळे आकाश पाहून फोन आपणहून संवेदनशीलता चढवतो आणि स्ट्राँशियमचा लाल पांढरा होऊन जातो. अशा वेळी प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ ५० वर अडकवणे, एवढाच उपाय हाती उरतो.