खिळे जुळवणारे हात

गेल्या महिन्यात पुण्याहून माझ्या भाच्याचा फोन आला. वय ५२, संगणकाच्या क्षेत्रात सत्तावीस वर्षं काढलेली. सकाळी अकराला बैठक झाली आणि साडेअकराला नोकरी गेलेली होती. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. मी धीराचं काही बोलायला गेले, तर तोच मला समजावू लागला, "मावशी, यात कुणाचा दोष नाही गं. नवं तंत्र आलं की जुनी माणसं जाणारच. निसर्गनियमच आहे तो."

फोन ठेवला, पण 'निसर्गनियम' हा शब्द डोक्यात अडकून बसला. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. एखाद्या मुलाने उत्तरपत्रिकेत असं लिहिलं असतं, तर मी समासात लाल शाईने 'कारणे द्या' असं लिहिलं असतं. आणि मग आठवले ते अण्णा.

आमच्या शाळेचा वार्षिक अंक साताऱ्यातल्या एका लहानशा छापखान्यात छापला जाई. १९७७ पासून अंकाचं काम माझ्याकडे होतं. छापखान्यात मालक धरून आठ माणसं. अण्णा तिथले जुळारी, म्हणजे कंपोझिटर. सातवीपर्यंत शिकलेले, चौदाव्या वर्षी छापखान्यात लागलेले.

आजच्या मुलांना हे काम सांगावं लागेल. प्रत्येक अक्षराचा शिशाचा एकेक खिळा. ते लाकडी केसच्या खणांत ठेवलेले. इंग्रजीला थोडे खण पुरतात. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, रफार असं सगळं लागतं, त्यामुळे खण कितीतरी पट अधिक. जुळाऱ्याच्या समोर केस, दोन्ही बाजूंनाही केस. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांवरून फिरतोय, डोळे मात्र हस्तलिखितावर. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशात दिसावं तसं. अण्णा ते सरळ वाचावं इतक्या सहज वाचत. छपाई झाली की तेच खिळे धुऊन परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. खण चुकला तर पुढच्या मजकुरात चूक ठरलेली.

पहिल्याच वर्षी मी संपादकीयात 'आशिर्वाद' असं लिहिलं होतं. प्रूफ आलं त्यात 'आशीर्वाद' होतं. मी बी.ए. मराठी! चरफडत छापखान्यात गेले. अण्णा हळूच म्हणाले, "बाई, शी दीर्घ असते. मी परस्पर बदलली, राग मानू नका." घरी येऊन शब्दकोश पाहिला. त्यानंतर कितीतरी वर्षं माझा मजकूर त्यांच्या हातातून गेल्याशिवाय मला चैन पडत नसे.

अशा हातांनीच मराठी छापली गेली. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायचं काम करत. त्यांनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. शिशात काळे झालेले हात मालकाच्या खुर्चीपर्यंत पोचू शकत होते. लोकमान्यांनी खिळ्यांची संख्या कमी करायची खटपट केली, सावरकरांनी 'अि, अी' ची बाराखडी सुचवली, त्यामागेही जुळाऱ्याचं काम सोपं व्हावं हा एक विचार होताच. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले. अण्णा सांगत, "आठ वर्षं बोटांना टिंबाची सवय, ती महिन्याभरात मोडली." म्हणजे नवं शिकायला ही माणसं कधीच मागे नव्हती.

आता यंत्राकडे वळू. हा इतिहास मुळातून बघितला तर भाच्याचा 'निसर्गनियम' फार टिकत नाही.

३ जुलै १८८६ रोजी न्यूयॉर्क ट्रिब्यून या वर्तमानपत्राने लायनोटाइप यंत्र वापरायला सुरुवात केली. कळा दाबायच्या आणि अख्खी ओळ शिशात ओतून बाहेर. हातजुळाऱ्यांवर संकटच आलं. पण तिथल्या मुद्रकांच्या संघटनेने यंत्र फोडलं नाही की अडवलं नाही. यंत्रावर बसेल तो आमचा शिकलेला जुळारीच, ही भूमिका तिने घेतली.

त्यानंतर संगणक आला. न्यूयॉर्कच्या जुळाऱ्यांनी १९६२-६३ मध्ये ११४ दिवसांचा संप केला होता आणि त्याची किंमतही सगळ्यांनी मोजली. पुढच्या काही वर्षांत तिथली काही वर्तमानपत्रं बंदच पडली. त्यातून दोन्ही बाजू शहाण्या झाल्या असाव्यात. १९७४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि डेली न्यूज यांच्याशी करार झाला. मालकांनी हवं ते यंत्र आणावं, पण जे जुळारी तेव्हा कायम होते त्यांची नोकरी शेवटपर्यंत राहील. २ जुलै १९७८ चा न्यूयॉर्क टाइम्सचा अंक शिशावर जुळवलेला शेवटचा अंक. त्या रात्रीवर त्याच वर्तमानपत्रातल्या एका मुद्रितशोधकाने माहितीपट काढला आहे. नातीने मला तो इंटरनेटवर दाखवला. आयुष्यभर शिसं हाताळलेली माणसं त्यात कागदाचे तुकडे कापून पानावर चिकटवायला शिकताना दिसतात. चेहरे उतरलेले आहेत, पण उद्या कामावर यायचं आहे हे त्यांना ठाऊक आहे.

लंडनमध्ये तेच तंत्र आलं आणि वेगळंच घडलं. द टाइम्स हे वर्तमानपत्र याच वादात डिसेंबर १९७८ पासून जवळजवळ वर्षभर बंद राहिलं. पुढे मालक बदलले. वॉपिंग भागात नवा छापखाना उभा राहिला आणि जानेवारी १९८६ मध्ये संपावर गेलेल्या सुमारे साडेपाच हजार कामगारांना एका झटक्यात काढून टाकलं. लढा वर्षभर चालला आणि कामगार हरले. संघटनांच्याही चुका होत्या हे कबूल केलं पाहिजे. आपल्याच गोतावळ्यातली माणसं भरायची, स्त्रियांना जुळणीच्या कामात येऊ द्यायचं नाही, असे प्रकार तिथे होते. तरी पन्नाशीच्या माणसाने एका दिवसात रस्त्यावर यावं, एवढी मोठी ती चूक होती का?

यंत्र तेच, वर्षंही जवळजवळ तीच. एकीकडे माणसं राहिली, एकीकडे गेली. मग हे यंत्राने ठरवलं असं कसं म्हणायचं?

आपल्याकडे काय झालं? पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था सुरू झाली. संगणकावर भारतीय लिप्या उमटू लागल्या आणि बघता बघता गल्लोगल्ली डीटीपीच्या पाट्या लागल्या. आपल्या जुळाऱ्यांसाठी कायदे नव्हते असं नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कमी करताना दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा, अशी तरतूद होती. पण प्रॉव्हिडंट फंडाला वीस माणसं लागत, ग्रॅच्युइटीला दहा. आमच्या छापखान्यात कामगार सात! प्रत्येक चाळणीतून ते खाली पडले. पंधरा दिवसांच्या हिशेबाने अण्णांना ढोबळमानाने दीड वर्षाचा पगार मिळायला हवा होता. १९९३ मध्ये त्यांना मिळाले तीन महिने. असा काही कायदा आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

तेव्हा अण्णांचं वय ५३. मालकालाही दोष देत नाही. कर्ज काढून त्याने संगणक घेतला होता. त्यावर बसवलेला मुलगा भराभर टंकन करी, पण ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं वाकडं होतं. अण्णांना त्याच्या शेजारी मुद्रितशोधक म्हणून ठेवता आलं असतं. ते कुणाला सुचलं नाही.

आता लिहायला जड जाणारी गोष्ट. १९९२ चा अंक मीच छापखान्यातून काढून डीटीपीवाल्याकडे दिला होता. पंधरा दिवस आधी मिळतो, पैसे कमी पडतात, अक्षरं सुबक दिसतात, म्हणून. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. छापखान्याची आमच्यासारखी चार कामं गेली, तेव्हाच मालकाने संगणक घेतला. त्या साखळीतली एक कडी मी होते. आज मी 'निसर्गनियम' म्हटलं, तर माझी सुटका फारच स्वस्तात होईल.

अण्णा पुढे एका कापड दुकानात खतावणी लिहायला लागले. १९९६ च्या सुमारास मंडईत भेटले. मी ओशाळले होते. त्यांनीच विचारलं, "अंक निघतो ना, बाई? नातवाने आणला होता. मुखपृष्ठ छान आहे." थोडं थांबून म्हणाले, "नवव्या पानावर 'आशिर्वाद' ऱ्हस्व राहिलाय. पुढच्या वर्षी तेवढं बघा."

काल भाच्याला हे सगळं सांगितलं. म्हटलं, यंत्र येणार हे खरंच आहे, पण तुला अर्ध्या तासात घरी पाठवायचं हे यंत्राने ठरवलेलं नाही, माणसांनी ठरवलं. तेव्हा नियमाने तुझं जे देणं निघतं त्याचा हिशेब नीट माग, लाजू नकोस. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "उद्या वकिलाला भेटतो."

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात छापखान्यातलं कुणी होतं का? असेल तर त्यांच्याबद्दल जरूर लिहा. आपण वाचलेलं प्रत्येक जुनं पुस्तक कुणाच्या तरी बोटांतून अक्षर अक्षर करून आपल्यापर्यंत आलं आहे.